गायरानावरची कुमैत घोडी: प्रकल्प नोंदी

ठिकाण: सिन्नर तालुक्याचा पूर्व भाग, जिल्हा नाशिक. कमी पावसाचा पट्टा. गायरानावर मारवेल, पवन्या आणि कुसळी गवत आहे, बांधाला सुबाभूळ आणि कडेला घाणेरीची झुडपं. जमीन सरकारची, देखभाल ग्रामपंचायतीची आणि चराई सगळ्या गावाची. म्हणूनच इथे सोडलेल्या जनावराकडे रोज सगळे पाहतात, पण जबाबदारी कोणाचीच ठरत नाही.

अशाच एका बेवारस, उपाशी घोडीला गायरानावरच वाचवण्याच्या या नोंदी, याच कामात पडणाऱ्यांसाठी. औषधांची मात्रा पशुवैद्यकांनी घोडी तपासून ठरवली आहे. इथले आकडे याच घोडीचे आहेत, ते दुसऱ्या जनावराला जसेच्या तसे लावू नयेत.

११ ऑक्टोबर, सकाळ

पहिली पाहणी. जवळ जाण्याआधी अर्धा तास लांबून निरीक्षण केलं: चालते कशी, कोणता पाय टेकत नाही, लीद आणि लघवी कशी होते, नाकातून काही वाहतं का. नाकातून घट्ट स्राव आणि पायावर गाठी असत्या तर ग्लँडर्सच्या संशयाने काम तिथेच थांबवावं लागलं असतं, कारण तो रोग माणसालाही होतो. तशी लक्षणं नाहीत. तरीही तपासणीचा निकाल येईपर्यंत हातमोजे, मास्क, वेगळी बादली आणि वेगळी दोरी वापरायची. गावातली तट्टं आणि गाढवं किमान ३० मीटर लांब राहतील.

वर्णन: कुमैत (तांबूस-तपकिरी) घोडी, कपाळावर टिळा, मागचा उजवा पाय पांढरा, मानेवर डाव्या बाजूला भोवरा. गाई-म्हशींसारखा बिल्ला घोड्याच्या कानात नसतो, त्यामुळे पंचनाम्यात भोवरे, पांढरे डाग आणि जुन्या जखमांचे वण मोजून लिहावे लागतात. चारही बाजूंनी फोटो घेतले, शिवाय खुरांचे आणि दातांचे वेगळे.

अंगकाठी १ (अगदी खंगलेली) ते ९ (लठ्ठ) च्या मापात १. पाठीचा कणा, बरगड्या, ढुंगणाची हाडं आणि शेपटीचं मूळ उघडं दिसतं, बोटाने चाचपूनही चरबी लागत नाही. नाडी मिनिटाला ५२ (निरोगी घोड्याची विश्रांतीत २८ ते ४४), श्वास १८, तापमान ३७.१ अंश. हिरडी दाबून सोडल्यावर रंग परत यायला ३ सेकंद लागतात, २ सेकंदांच्या आत यायला हवा. हिरड्या फिक्या आणि किंचित पिवळसर. लघवी चहासारखी गडद, याची वेगळी नोंद.

वजन टेपने काढलं. छातीचा घेर कोपरामागून १३८ सेंमी, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी १२८ सेंमी. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ११,८७७ केलं की २०५ किलो येतात. या उंचीच्या घोडीचं वजन २६० च्या आसपास असायला हवं. यात थोडाफार फरक पडतो, पण त्याच टेपने, त्याच जागी, त्याच वेळी मोजत गेलं की वाढ किंवा घट बरोबर कळते.

पुढच्या डाव्या पायाला, खुराच्या वर, नायलॉनचा पायबंद मांसात रुतला आहे. दुर्गंधी आणि अळ्या. गायरानाच्या रस्त्याकडच्या टोकाला चाळीतून निवडून फेकलेल्या सडक्या कांद्याचे ढीग आहेत, घोडीच्या टापांचे ठसे त्या ढिगापर्यंत जातात.

११ ऑक्टोबर, दुपार

कागदपत्रं. हे काम उद्यावर टाकलं तर घोडी हलवणाऱ्यावरच चोरीचा आरोप येऊ शकतो, मग हेतू कितीही चांगला असो. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देऊन पोच घेतली. पोलीस ठाण्यात लेखी खबर दिली. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवलं, फिरत्या पथकासाठी १९६२ या फोन क्रमांकावर नोंद केली. ग्रामपंचायतीच्या फलकावर वर्णनासह सूचना लावली.

कोंडवाड्याचा पर्याय सुचवला गेला, आम्ही तो नको म्हणालो. कोंडवाड्यातलं बेवारस जनावर शेवटी लिलावात निघतं आणि उपाशी घोडी लिलावात कोण कशासाठी घेईल याचा भरवसा नसतो. त्याऐवजी पंचनामा करून काळजीपुरता ताबा सुपूर्तनाम्यावर घ्यायचा, असं सरपंच आणि ग्रामसेवकांशी बोलून ठरलं.

१२ ऑक्टोबर

पंचांसमोर पंचनामा झाला. डॉक्टरांनी लेखी दाखला दिला. त्यात "अशक्त" एवढंच न लिहिता अंगकाठी, नाडी, जखमेची खोली आणि "वाहतुकीस अयोग्य" हे शब्द मुद्दाम घालून घेतले. हे शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. अशा घोडीला पिकअपमध्ये चढवून शहरात नेण्याचा आग्रह नेहमी होतो. उभं राहायची ताकद नसलेली घोडी हलत्या गाडीत पडते, आणि पडलेली गाडीत उठत नाही. म्हणून उपचार गायरानावरच करायचे.

जागा: लिंबाच्या सावलीत १० बाय १० मीटर. काटेरी तार वापरली नाही. बांबू रोवून पांढरी रुंद पट्टी दोन ओळींत बांधली. घोड्याला बारीक तार दिसत नाही, रुंद पट्टी दिसते. अशक्त घोडी पट्टी ओलांडत नाही, त्यामुळे झटका मशीन सध्या नको. वर द्राक्षबागेतली जुनी हिरवी शेडनेट. आधी सगळी जागा पायी फिरून साफ केली. बागा मोडल्यावर तारेचे तुकडे अशा जमिनीवर येऊन पडतात आणि टापेत घुसतात. पाण्यासाठी फवारणीच्या औषधाचा कापलेला निळा ड्रम कोणीतरी आणून दिला होता, तो परत केला. कितीही धुतला तरी त्या प्लॅस्टिकमध्ये औषध मुरलेलं असतं. सिमेंटचं टाकं ठेवलं.

पायबंद: गुंगीचं इंजेक्शन द्यायचं नाही असा डॉक्टरांचा निर्णय. इतक्या खंगलेल्या जनावराचा रक्तदाब गुंगीने आणखी उतरतो आणि ते कोसळू शकतं. मान धरायला एक जण, डोळ्यावर फडकं. १ लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून जखम वीस मिनिटं भिजवली, मग आकड्यासारख्या वाकड्या पात्याच्या सुरीने दोरी बाहेरच्या बाजूने कापली. दोरी ओढून काढायची नाही. ती मांसात विणली गेलेली असते आणि ओढली की खालची शीर फाटते. तंतू चिमट्याने एकेक काढले. अळ्या चिमट्याने आणि मिठाच्या पाण्याच्या धारेने निघाल्या. टर्पेंटाइन जखमेत ओतायची रीत आहे, पण त्याने निरोगी मांसही भाजतं, म्हणून ते वापरलं नाही. धनुर्वाताची लस दिली, दुसरा डोस ४ आठवड्यांनी. धनुर्वाताचा सर्वाधिक धोका असणाऱ्या जनावरांत घोडा येतो, आणि ही जखम तर खोल आणि मातीने भरलेली.

वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ पासून बंदी आहे, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवरही आली. अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या कड्यांवर गिधाडं आहेत. घोडी वाचली नाही आणि मढं उघड्यावर पडलं, तर बंदी असलेली अशी औषधं थेट त्यांच्या पोटात जाऊन ती मरतील.

गाभण नाही, याची डॉक्टरांनी तपासणी करून खात्री केली. बेवारस घोडीत हे सुरुवातीलाच बघावं, कारण चारा आणि औषधं दोन्ही त्यावर ठरतात. रक्त घेतलं: एक नमुना तपशीलवार तपासणीसाठी, एक काचपट्टी रक्तातल्या परजीवींसाठी, आणि ग्लँडर्ससाठी वेगळं केलेलं सीरम. ते पशुसंवर्धन विभागामार्फत हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातं.

१२ ऑक्टोबर, रात्र: चारा

उपाशी घोडी भुकेपेक्षा पहिल्या दहा दिवसांच्या खाण्याने मरते. म्हणून हा भाग सविस्तर.

महिनोन्महिने उपाशी राहिलेलं शरीर स्वतःचीच चरबी आणि मांस जाळत असतं. अचानक दाणे, गूळ किंवा भाकरी पोटात गेली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं. हे तिन्ही साठे आधीच रिकामे असतात. स्नायू लुळे पडतात, हृदयाची लय बिघडते, आणि खायला लागल्यावर तीन ते दहा दिवसांत, सगळ्यांना ती सुधारतेय असं वाटत असतानाच घोडी जाते. चंदी, हरभरा, गूळपाणी, पेंड सध्या पूर्ण बंद.

द्यायचा तो लसूणघास: पिष्ट कमी, प्रथिनं भरपूर, फॉस्फरस आणि मॅग्नेशियमही बऱ्यापैकी. वाळलेला लसूणघास इथल्या बाजारात सहज मिळत नाही, म्हणून हिरवा घेतो. हिरव्यात पाचव्या हिश्शाएवढाच कोरडा भाग असतो. २०५ किलोच्या घोडीला दर ४ तासांनी साधारण २०० ग्रॅम कोरडा भाग द्यायचा, म्हणजे १ किलो हिरवा. वजन हिरवा असतानाच करायचं, मग तो एक दिवस सावलीत पसरून सुकवायचा. ताजा ओला लसूणघास पोटात वायू धरतो आणि पोटशूळ उठतो. ढीग करून ठेवला तर तापतो आणि बुरशी येते.

पहिले तीन दिवस: १ किलो, दिवसातून ६ वेळा, रात्रीसुद्धा. रात्रीचं खाणं टाळून सकाळी दुप्पट टाकायचं नाही.
चौथ्या दिवसापासून: प्रत्येक खेपेचं प्रमाण थोडं थोडं वाढवत आणि खेपा कमी करत सहाव्या दिवशी ४.५ किलो, ३ वेळा.
दहाव्या दिवसानंतर: खाईल तेवढा, सोबत ज्वारीचा कोरडा कडबा.

पाणी सुरुवातीला ३ ते ४ लिटर, अर्ध्या तासाच्या अंतराने, तहान भागेपर्यंत. नंतर टाकं भरलेलं. मिठाचा खडा वेगळा टांगला. जीवनसत्त्व ब-१ चं इंजेक्शन डॉक्टरांनी चारा सुरू करण्याआधी दिलं.

काय देऊ नये, ही यादी गोठ्याच्या खांबाला लावली आहे. गावकऱ्यांची माया खरी असते आणि जे हाताला येईल ते घेऊन लोक येतात:

- कोंबडी खाद्य आणि मोनेन्सिन मिसळलेलं गुरांचं खाद्य. गुरांना चालणारी मात्रा घोड्याचं हृदय निकामी करते. कुक्कुटपालनाच्या या भागात हे पोतं प्रत्येक दुसऱ्या घरी आहे.
- कोवळी हिरवी ज्वारी, कारण तिच्यात विषारी आम्ल तयार होतं.
- मुख्य चारा म्हणून नेपियर किंवा उसाचं वाढं. त्यातली ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतात आणि काही महिन्यांत हाडं ठिसूळ होऊन जबडा सुजतो.
- बुरशी आलेला मका. एरवी जनावर पचवेल असं वाटतं, पण घोड्याच्या मेंदूला इजा होते.
- कांदा, कोणताही, कसाही.

१३ ऑक्टोबर

चार खेपांना सगळं खाल्लं, दोन खेपांना थोडं उरलं. लीद लहान, कोरड्या गोळ्यांची. पोटाचा आवाज चारही जागी येतो, उजवीकडे वरच्या भागात मंद.

१४ ऑक्टोबर

रक्ताचा निकाल. लाल पेशींचं प्रमाण १९ टक्के, निदान ३० हवं. काचपट्टीवर लाल पेशींच्या कडेला गोळ्यांसारखे डाग, म्हणजे पेशी आतून जळाल्याची खूण. रक्तातले परजीवी दिसले नाहीत.

इथे निदान घाईने करायचं नाही. या भागात घोडी फिकी पडायची तीन कारणं संभवतात आणि तिन्ही एकत्रही असू शकतात. जंत. सर्रा, रक्तातल्या परजीवीचा रोग, जो पावसाळ्यानंतर घोडमाश्यांमुळे पसरतो आणि पोटाखाली सूज, अधूनमधून ताप देतो. आणि कांदा. कांद्यातली गंधकाची संयुगं लाल पेशी जाळतात, त्या फुटतात, लघवी गडद होते, हिरड्या पिवळसर होतात. जंत किंवा निव्वळ उपासमार लघवीचा रंग असा बदलत नाही. ढिगापर्यंतचे ठसे आणि पेशींवरचे डाग पाहता पहिला संशय कांद्यावर आहे.

सर्रा मात्र एका काचपट्टीने नाकारता येत नाही, कारण ताप नसताना परजीवी रक्तात फारच कमी असतात. सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं आणि ३८.५ च्या वर गेलं की त्याच तासाला पुन्हा काचपट्टी. अंदाजाने सर्र्याचं इंजेक्शन देऊन टाकायचं नाही, खंगलेल्या घोडीला ते सोसत नाही.

सुधारणा मोजायचा एकच भरवशाचा मार्ग म्हणजे पुन्हा लाल पेशींचं प्रमाण बघणं. गाई-कुत्र्यांसारख्या नव्या कच्च्या पेशी घोडा रक्तात सोडतच नाही, त्यामुळे त्या मोजून काही कळत नाही.

ग्रामपंचायतीने ट्रॅक्टर लावून कांद्याचे ढीग उचलले आणि खड्डा करून पुरले. नुसती माती लोटली असती तर शेळ्या-गुरांनी पुन्हा उकरलं असतं.

१५ ऑक्टोबर

पहाटेच्या खेपेला टोपल्यात बाजरीच्या भाकरीचे तुकडे आणि गूळ सापडला, घोडीने बराचसा खाल्लेला. दुपारी पाय थरथरू लागले, नाडी ६४ आणि अनियमित, कानामागे घाम. तातडीने रक्त घेतलं. फॉस्फरस १.६, निरोगी घोड्यात साधारण २ ते ५ असतं. ही तपासणी माणसांच्या कोणत्याही बऱ्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. फक्त सीरम तासाभरात वेगळं करून न्यायचं, नाहीतर फुटलेल्या पेशींमुळे पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं.

अशा वेळी पहिली सूचना ग्लुकोजच्या बाटलीची येते. ती लावायची नाही. ग्लुकोजने इन्सुलिन आणखी वाढतं आणि उरलंसुरलं फॉस्फरसही पेशींत जातं. डॉक्टरांनी साधं सलाईन आणि मॅग्नेशियम हळू दिलं, ब-१ पुन्हा दिलं. चारा परत पहिल्या दिवसाच्या प्रमाणावर, प्रत्येक खेपेत मूठभर गव्हाचा कोंडा, कारण कोंड्यात फॉस्फरस भरपूर असतं. इथे तो औषध म्हणून आहे, आठवडाभरच.

आता रात्रीही माणूस बसेल. गावातल्या मावशींनी विचारलं, "उपाशी जीवाला भाकर द्यायची नाही, हे कसं?" त्यांना नाडी हाताने दाखवली, चाऱ्याची खेप त्यांच्याच हातून दिली. पाटीपेक्षा हे जास्त उपयोगी पडलं. दुपारच्या दोन खेपा आता त्या सांभाळतात.

१६ ऑक्टोबर, रात्र

घोडी खाली बसली आणि उठेना. क्रम असा:

आधी ती कुशीवर आडवी न राहता छातीवर बसती ठेवायची. दोन्ही बाजूंना भुशाची पोती लावली. आडवी राहिली तर खालचं फुप्फुस आणि खालचे स्नायू दबून मरतात. दर ४ तासांनी कूस बदलायची, दर वेळी कोरडा भुसा, डोळ्याखाली मऊ गोणपाट. खाणं-पाणी बसल्या जागीच.

पहाटे उचललं. बोअरवेलमधून मोटर काढायला वापरतात ती लोखंडी तिपाई आणि चेनब्लॉक आणला. हातभर रुंद सुती पट्टे, एक कोपरांमागून छातीखाली, दुसरा कासेच्या पुढून, आणि दोन्ही वर एका आडव्या दांडीला. पुढचे पाय आधी समोर पसरले, मग उचल. मान एकाने, शेपटीचं मूळ दुसऱ्याने धरलं. शेपूट फक्त तोल सावरायला, तिने वजन उचलायचं नसतं, मणका दुखावतो. पट्ट्यात लटकवून ठेवायचं नाही. दहा मिनिटांत स्वतःचं वजन पायावर घेतलं नाही तर पुन्हा खाली बसवून चार तासांनी प्रयत्न करायचा, कारण पट्टा छाती दाबतो. दुसऱ्या उचलीला पाय धरले.

डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलं होतं की कोणत्या टप्प्यावर थांबायचं: उचलूनही पाय धरत नाही, खाणं सोडलं आहे आणि तिसरा दिवस उलटला आहे. अशा जनावराला कायद्याच्या तरतुदीनुसार डॉक्टरांच्या दाखल्याने वेदनामुक्त मरण देता येतं. हा निर्णय रात्री तीन वाजता, थकलेल्या माणसांनी प्रथमच चर्चेला घ्यावा असा नाही. तो शांत डोक्याने आधीच कागदावर असावा.

१९ ऑक्टोबर

फॉस्फरस २.४. नाडी ४४, नियमित. दर खेपेला २ किलो, ५ वेळा. बसल्यावर स्वतः उठते.

२३ ऑक्टोबर

खूर. नालबंद आले. समोरच्या टापेची लांबी १३ सेंमी, या बांध्याच्या घोडीला ७.५ च्या आसपास हवी. टोकं चप्पलेसारखी वर वळलेली. सगळं एकाच दिवशी कापायचं नाही. लांब टोकाला जुळवून घेतलेल्या शिरा एकदम ताणल्या तर घोडी आणखी लंगडते. आज दोनच पाय, प्रत्येकी २ सेंमी. आधी तासभर ओली गोणपाटं बांधून ठेवली, नाहीतर ऑक्टोबरच्या उन्हात वाळलेलं खूर पकडीला दाद देत नाही. पाय गुडघ्याच्या वर उचलायचा नाही, एका वेळी एक-दोन मिनिटं, मग खाली. तीन पायांवर उभं राहायची ताकद अजून नाही.

तळाच्या मऊ त्रिकोणी भागाच्या खाचांत काळा, दुर्गंधी चिखल: खूरसड. खरडून पोव्हिडोन-आयोडीनचा बोळा. मोरचूद उघड्या मांसाला लागू द्यायचं नाही. ओली जागा हेच मूळ कारण असल्याने टाक्याभोवती मुरूम टाकला.

२८ ऑक्टोबर

लाल पेशी २४ टक्के. लघवी स्वच्छ. ताप एकदाही नाही, दुसऱ्या काचपट्टीतही परजीवी नाहीत. फॉस्फरस स्थिर झाल्यावर चारा पुन्हा वाढवत नेला, आता खाईल तेवढा लसूणघास आणि कडबा.

दात बघितले. वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार झालेल्या, गालाला आणि जिभेला जखमा. चारा चावून चोथा टाकायची, त्याचं कारण हेच. डॉक्टरांनी कानसेने कडा घासल्या. ओठ आणि हिरडीच्या मध्ये कुसळीची टोकं रुतून गळू झालं होतं, ती काढली. वरच्या कोपऱ्यातल्या दातावरची खाच अर्ध्यावर उतरलेली, म्हणजे वय १५ च्या आसपास.

आयाळ आणि शेपटीचे केस झडलेले. खरूज समजून तेल चोळायला गावातून बाटल्या आल्या होत्या, पण कातडी निरोगी आहे, खपल्या नाहीत. कारण बांधावरची सुबाभूळ. तिच्यातलं मिमोसिन घोड्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस गाळतं. गवत संपल्यावर तिने तोच पाला खाल्लेला दिसतो. पाला बंद झाला की काही महिन्यांत केस येतात.

गोचीड हाताने काढले. गुरांवर मारतात ते अमिट्राझ घोड्यावर मारू नये, आतडी थांबून जीवघेणा पोटशूळ होतो.

६ नोव्हेंबर

वजन २१६ किलो. आता जंतनाशक. लिदीत एका ग्रॅमला १,१०० अंडी. पहिल्याच आठवड्यात दिलं असतं तर आतड्याच्या भिंतीतले जंत एकदम मरून सूज आली असती, ती सोसायची तेव्हा ताकद नव्हती. आयव्हरमेक्टिन किलोला ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ४३ मिलिग्रॅम. तोंडावाटे द्यायची १.८७ टक्क्यांची पेस्ट साधारण २.३ ग्रॅम. गुरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन घोड्याला टोचायचं नाही, त्या जागी स्नायू सडण्याचा धोका असतो. पुढच्या पायांच्या केसांवर चिकटलेली पिवळी अंडी बोथट सुरीने खरवडली. ती चाटली की पोटातल्या बॉट माशीच्या अळ्या होतात.

लीद आठवडाभर वेगळी टाकायची, गावातल्या कुत्र्यांनी खाऊ नये म्हणून झाकलेल्या खड्ड्यात.

११ नोव्हेंबर

ग्लँडर्स नकारात्मक. धनुर्वाताचा दुसरा डोस. पायाची जखम तळातून भरत आहे, वर नव्या मांसाची कड.

१९ नोव्हेंबर

वर्णन आणि फोटो येवल्याच्या घोडेबाजारात येणाऱ्या व्यापाऱ्यांना दाखवल्यावर मालकाचा पत्ता लागला. लग्नाच्या मोसमात घोडी भाड्याने देणारे गृहस्थ. घोडी लंगडू लागली, सुपारी मिळेना, चारा परवडेना, म्हणून "गायरानावर तरी चरेल" अशा विचाराने सोडली. पायबंद काढायचा राहिला.

कायदेशीर बाजू इथे नीट समजून घ्यावी. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० च्या कलम ११ मध्ये पुरेसं अन्नपाणी न देणं आणि उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हे दोन्ही गुन्हे आहेत. पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, आणि हे प्रकार अदखलपात्र असल्याने दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. खटला गुन्ह्यापासून तीन महिन्यांत दाखल व्हावा लागतो. म्हणून तारखा, फोटो आणि दाखला पहिल्याच दिवशी लागतात, नंतर जमवता येत नाहीत.

अदखलपात्र नोंद केली. दंडापेक्षा घोडीचा कायमचा ताबा महत्त्वाचा आहे असं आमचं मत. मालकांनी पंचांसमोर, मुद्रांकावर, वर्णन आणि फोटोसह हक्क सोडल्याचं लिहून दिलं. नुसतं तोंडी "घेऊन जा दादा" पुरेसं नाही. तीन महिन्यांनी घोडी सावरली की मागणी परत येते.

लाल पेशी ३१ टक्के.

१४ डिसेंबर

निफाडकडून थंडी उतरली आहे, पहाटे पारा एक आकडी. अंगावर चरबी नसलेली घोडी सगळं खाल्लेलं उष्णतेतच घालवते. शेडच्या उत्तरेला ताडपत्री, अंगावर गोणपाटाची झूल. झूल रोज काढून खाली हात फिरवायचा, ओलसर राहिली तर कातडी कुजते. रात्री कडबा वाढवला. चोथा पचताना आतड्यात उष्णता तयार होते, त्यामुळे थंडीत दाण्यापेक्षा वैरण कामाची. वजन २३७.

आता भिजवलेला हरभरा सुरू, २०० ग्रॅम दोन वेळा, तोबऱ्यातून. आठवड्याला १०० ग्रॅमने वाढ, एकूण दिवसाला १ किलोवर थांबायचं.

२० जानेवारी

वजन २५०, अंगकाठी ४. बरगड्या हाताला लागतात, डोळ्याला जेमतेम दिसतात. चारही खूर तिसऱ्यांदा कापले, टापेची लांबी ८ सेंमी. डावा पुढचा पाय वळताना थोडा आखडतो, तो तसाच राहील असं डॉक्टरांचं मत. स्वारी, वरात, गाडी कायमची बंद.

ताबा गावातल्याच एका शेतकरी कुटुंबाकडे. त्यांच्याकडे विहिरीचं पाणी आणि अर्धा एकर लसूणघास आहे. सुपूर्तनाम्यात चाऱ्याचं प्रमाण, खूरकापणी दर ६ ते ८ आठवड्यांनी, वर्षातून एकदा दात, धनुर्वात आणि रेबीजची लस, आणि विकण्यास मनाई, एवढं लिहून घेतलं.

२६ जानेवारी

ग्रामसभेत ठराव मंजूर. गायरानावर कांदा, फवारणीचे डबे आणि बागेची तार टाकायला बंदी, सडक्या कांद्यासाठी रस्त्याच्या पलीकडे वेगळा खड्डा. घोडा, तट्टू, गाढव चरायला सोडणाऱ्याने ग्रामपंचायतीच्या वहीत नाव आणि जनावराचं वर्णन नोंदवायचं. पायबंद घालून जनावर रात्री सोडायचं नाही. सात दिवस मालक न दिसलेल्या जनावराची खबर ग्रामसेवक दवाखान्याला आणि पोलीस ठाण्याला एकाच दिवशी देतील. बांधावरची सुबाभूळ तोडायची की राखायची यावर मतं विभागली, शेळीपालकांना पाला हवा आहे. तोडायची नाही, पण घोड्यांचा चराईचा भाग दुसऱ्या टोकाला, एवढ्यावर एकमत झालं.

तिपाई, पट्टे आणि वजनाची टेप ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवली आहे, किल्ली ग्रामसेवकांकडे. पुढची खूरकापणी ७ मार्च, लिदीची तपासणी त्याच दिवशी.